ग्रिफिथ आणि हॉलिवूडमधले बॅबिलोन

सिनेमाचा सुरुवातीचा काळ म्हटला की आपल्याला दादासाहेब फाळके आणि १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ हे दिग्दर्शक नाव कमावत होते. त्यांनी उभारलेला एक सेट चित्रपट संपल्यावरही काही वर्षे तसाच उभा होता. त्यांची जीवनकथा आज सभासदांपुढे ठेवत आहोत.

ग्रिफिथ यांचा जन्म २२ जानेवारी १८७५ रोजी केंटकी राज्यात झाला. वडील यादवी युद्धात दक्षिणेकडून, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढलेले कर्नल. ग्रिफिथ दहा वर्षांचे असताना ते वारले आणि घरात ओढाताण सुरू झाली. शाळा सोडून ग्रिफिथ यांनी दुकानांत नोकऱ्या केल्या, मग नाटकांत कामे केली. १९०८ मध्ये बायोग्राफ कंपनीत ते दिग्दर्शक झाले आणि पाच-सहा वर्षांत त्यांनी चारशेहून अधिक छोटे चित्रपट केले.

१९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'ने पैसा आणि कीर्ती दोन्ही दिले. पण त्यात कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण आणि कु क्लक्स क्लॅन या हिंसक संघटनेचा गौरव होता. त्याविरुद्ध गावोगावी निदर्शने झाली. विझलेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली, आणि त्यात या चित्रपटाचा हात होता. ग्रिफिथ यांना मात्र टीका करणारेच असहिष्णू वाटले.

१९१६ मध्ये त्यांनी 'इन्टॉलरन्स' काढला. त्यात चार काळांतल्या चार कथा एकमेकींत गुंफल्या होत्या. बॅबिलोनच्या कथेसाठी लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्डजवळ उंच तटबंदी उभी केली, खांबांवर मागच्या पायांवर उभे राहिलेले हत्ती बसवले. आत लाकडी सांगाडा, वरून प्लास्टर. हजारो माणसांचा जमाव टिपण्यासाठी कॅमेरा रुळांवरून सरकणाऱ्या मनोऱ्यावर चढवला होता.

चित्रपटाला अपेक्षेइतका प्रेक्षक मिळाला नाही. ग्रिफिथ यांचा स्वतःचा बराच पैसा त्यात गुंतला होता आणि पुढे अनेक वर्षे ते देणे फेडत राहिले. आपण गणेशोत्सवाचे अंदाजपत्रक करतो तेव्हा मांडव घालण्याबरोबर उतरवण्याचा खर्चही धरतो. इथे सेट उतरवायला पैसाच उरला नव्हता. ऊन-पावसात प्लास्टरचे पोपडे पडू लागले. अग्निशमन खात्याने तो धोकादायक ठरवला, आणि अखेर १९१९ च्या सुमारास तो पाडला गेला.

त्याच वर्षी ग्रिफिथ यांनी चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्यासह युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली. १९२० चा 'वे डाउन ईस्ट' चांगला चालला. पण खर्चाचा मेळ पुन्हा बिघडत गेला. १९३१ नंतर त्यांना एकही चित्रपट दिग्दर्शित करता आला नाही. १९३६ मध्ये मानद ऑस्कर मिळाले, पण काम मिळाले नाही. २३ जुलै १९४८ रोजी हॉलिवूडमध्येच त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे हॉटेलच्या खोलीत, बरीचशी एकाकी गेली.

पुढे अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेने आपला सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने ठेवला आणि १९९९ मध्ये १९१५ च्या त्या चित्रपटामुळे नाव काढूनही टाकले. २००१ मध्ये हॉलिवूडमधील एका व्यापारी संकुलात त्या बॅबिलोनची नक्कल उभारली गेली होती. पुढच्या नूतनीकरणात हत्तीही उतरवले गेले.

आम्ही बँकेत आयुष्य काढलेली माणसे, खाते वाचताना जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहतो. ग्रिफिथ यांचे खातेही तसेच वाचावे, एक बाजू दुसरीत वळती करू नये. 'इन्टॉलरन्स' आज घरबसल्या पाहता येतो. मुला-नातवंडांना ते हत्ती जरूर दाखवा, आणि त्याआधीच्या चित्रपटाने काय केले तेही सांगा.