थांबलेली शिष्यवृत्ती

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पागोटे घातलेली ती धिप्पाड, गंभीर मूर्ती उभी राहते. सामाजिक परिषद, सार्वजनिक सभा, हायकोर्ट. मला मात्र आधी आठवतात ते विशीतले रानडे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात स्वतः परीक्षांची तयारी करणारे, आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवणारे. सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे असेल, पण मोठ्या माणसाचे चरित्र हाती घेतले की त्याला महिन्याला किती मिळत होते आणि ते कोणाच्या सहीने मिळत होते, हे मी आधी पाहतो.

रानड्यांना ते मिळत होते दक्षिणा फंडातून. या पैशाची कुळकथा मोठी गमतीची आहे. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या रमण्यावर विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाली तरी इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. त्यातल्या रकमेवर 1821 मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. 1849 मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवावा. पुण्यात केवढा गहजब झाला! पण वाट मोकळी झाली. पुढे मुंबई विद्यापीठ निघाल्यावर याच फंडातून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. फेलोने पुढचा अभ्यास करायचा आणि कॉलेजात शिकवायचेही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आपली मुले आज टीचिंग असिस्टंट म्हणून जे करतात, जवळजवळ तेच.

धाकट्या फेलोला महिना 60 रुपये, थोरल्याला 120. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. पण काल बाकावर बसलेल्या मुलाने आज टेबलामागे उभे राहून कसे शिकवावे, हे सांगणारे कोणी नव्हते. आम्हाला बँकेत लेजर लिहायला बसवण्याआधीसुद्धा प्रशिक्षणाला पाठवत. रानडे शिकवता शिकवताच शिकले. 1862 मध्ये ते बी.ए. झाले. विद्यापीठाच्या त्या पहिल्या चार पदवीधरांत रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते, आणि तेही दक्षिणा फेलोच. 1864 मध्ये रानडे एम.ए. झाले, 1866 मध्ये एल्एल.बी. शिकवणे, वाचणे, त्यातच ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे लिखाण. या साऱ्याचा भार डोळ्यांनी सोसला. 1864 च्या सुमारास डोळे इतके बिघडले, की कित्येक महिने त्यांना हिरवी पट्टी बांधून राहावे लागले.

कॉलेजच्या याच दिवसांत तो निबंध झाला. रानड्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि झुकते माप मराठ्यांना दिले. सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान गृहस्थ, ॲरिस्टॉटलचे अभ्यासक, विद्यार्थ्यांवर जीव असलेले. तरीही निबंध वाचून ते रागावले आणि त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. सहा महिने म्हणजे सहा पहिल्या तारखा. शिक्षा निबंधाची, पण ती वसूल झाली घरखर्चातून. मला यात ग्रँटसाहेबांचा दुष्टपणा दिसत नाही; दिसते ती शिष्यवृत्तीची दुसरी बाजू. जो पैसा विद्यार्थ्याला उभे करतो, तोच त्याला दबकूनही ठेवू शकतो.

रानडे दबले का? वरवर पाहता तसे वाटेल. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कॉलेज सोडले नाही, ग्रँटांविषयी कटुताही धरली नाही. 1868 मध्ये ते त्याच कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून परत आले. त्याच वर्षी ग्रँट एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख म्हणून निघून गेले. 1871 मध्ये रानडे न्यायखात्यात पुण्याला गेले आणि त्यांचे वर्गावर शिकवणे संपले. शिकवण्याची खोड मात्र सुटली नाही. घरी रमाबाईंना अक्षरओळखीपासून शिकवले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक, गोपाळ कृष्ण गोखले, हाताशी घेतला. सभेचे त्रैमासिक त्याच्याकडे, आणि त्याचा मजकूर रानड्यांच्या नजरेखाली. आकडे तपास, सरकारी अहवाल पुन्हा वाच, पुन्हा लिही. स्वतःला जे कोणी दिले नव्हते, ते असे वर्षानुवर्षे त्यांनी गोखल्यांना दिले.

आणि तो निबंध? 1900 मध्ये रानड्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. मराठ्यांचे राज्य म्हणजे लुटारूंचा योगायोग नव्हे, त्यामागे साऱ्या समाजाची जागृती होती, हे त्यांनी त्यात कागदपत्रांच्या आधारे मांडले. तेव्हा ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. 16 जानेवारी 1901 रोजी ते गेले. डोळे अखेरपर्यंत अधूच होते. घरी रमाबाई आणि इतर कोणी मोठ्याने वाचत, आणि ते ऐकत बसत.