सेनापतींच्या हातातील झाडू

शाळेत एखादा कार्यक्रम ठरला की कामांची वाटणी होते. नाटकात भूमिका करायला, स्वागतगीत म्हणायला, पाहुण्यांना हार घालायला भराभर हात वर होतात. पण मैदान कोण झाडणार, पाण्याचे पिंप कोण भरणार, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. हसनाबादसारख्या गावातील शाळा असो की मोठ्या शहरातील, हे दृश्य सगळीकडे सारखेच. ज्याच्या वाट्याला झाडू येतो, तो मनातून खट्टू होतो. आपल्याला कमी लेखले, असे त्याला वाटते. अशा वेळी मला सेनापती बापट यांची आठवण येते.

सेनापती बापट यांचे पूर्ण नाव पांडुरंग महादेव बापट. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पारनेर हे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गाव. घरची परिस्थिती साधारण होती, पण मुलगा फार हुशार होता. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची मानाची शिष्यवृत्ती मिळवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतर १९०४ साली आणखी एक शिष्यवृत्ती घेऊन ते इंजिनिअरिंग शिकण्यासाठी इंग्लंडच्या उत्तरेकडील स्कॉटलंड देशात, एडिंबरो शहरी गेले.

त्या काळात परदेशात शिकून आलेल्या इंजिनिअरला मोठी नोकरी, बंगला आणि मान सहज मिळत असे. पण बापटांचे मन देशाच्या गुलामगिरीने अस्वस्थ झाले होते. तेथील सभेत त्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले आणि त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. मग ते क्रांतिकारकांना जाऊन मिळाले. हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास या सोबत्यांबरोबर ते पॅरिसला गेले आणि रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची विद्या शिकले. १९०८ साली ते मायदेशी परतले. लवकरच पोलीस त्यांच्या मागावर लागले. काही वर्षे त्यांना अज्ञातवासात काढावी लागली. नाव लपवायचे, गाव बदलायचे, ओळखीचा माणूस दिसला तरी तोंड फिरवायचे, असे अज्ञातवासाचे जिणे असते. अखेर इंदूर येथे त्यांना अटक झाली.

सुटका झाल्यावर ते आपल्या गावी पारनेरला आले. परदेश पाहिलेला, पोलिसांना हुलकावणी दिलेला हा तरुण आता काय करणार, याकडे गावाचे लक्ष लागले असेल. बापटांनी हातात झाडू घेतला! पहाटे उठून ते गावचे रस्ते झाडू लागले, संडास साफ करू लागले. गावातील दलित वस्तीत जाऊन तेथील मुलाबाळांची शुश्रूषा करू लागले.

हे काम त्यांना कोणी दिलेले नव्हते. त्याचा पगार मिळत नव्हता. त्यात पराक्रम नव्हता आणि टाळ्याही नव्हत्या. आज झाडलेला रस्ता उद्या पुन्हा घाण होतो, म्हणून हे काम कधी संपतही नव्हते. शिवाय तो काळ कठीण होता. सफाई हे काही विशिष्ट जातींनीच करायचे काम, असा समज समाजात घट्ट बसला होता. त्या माणसांना ते काम सोडता येत नसे, आणि ते करतात म्हणून त्यांना शिवतही नसत. ज्या घरात बापट जन्मले, त्या घरातील माणसाने संडास साफ करणे म्हणजे लोकांच्या नजरेत स्वतःची पत घालवणे होते. बापटांनी ती पर्वा केली नाही. १९१४ साली त्यांना मुलगा झाला. त्याच्या बारशाला त्यांनी जेवणाची पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसवली.

मुलांनो, या कंटाळवाण्या कामात बापटांना काय मिळाले असेल? अज्ञातवासात त्यांना माणसांपासून दूर पळावे लागत होते. झाडू हाती आला आणि ते माणसांच्या अगदी जवळ गेले. कोणाच्या दारात घाण साचते, कोणत्या वस्तीत आजारी मूल आहे, कोण उपाशी झोपते, हे गाव झाडणाऱ्या माणसाला जसे कळते तसे इतरांना कळत नाही. शिवाय गल्ली स्वच्छ झाली की ती सर्वांसाठी होते. तेथे गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान असा भेद राहत नाही. उर्दूत आपण ज्याला खिदमत म्हणतो, ती हीच सेवा.

पुढे बापट पुण्यात वृत्तपत्रांत लिहू लागले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कार्यालयातही त्यांनी काम केले. १९२० च्या सुमारास मुंबईतील सफाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्याचे नेतृत्व बापटांकडे आले. ज्याने स्वतः झाडू धरला होता, त्याला झाडूवर पोट असलेल्यांचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागले नाही. अंदमानात शिक्षा भोगणाऱ्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या. तेही असेच पायपिटीचे, न दिसणारे काम होते.

१९२१ साली पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या. त्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व बापटांनी केले आणि तेव्हापासून लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. धरण थांबले नाही. बापटांना मात्र अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. त्यानंतरही गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या लढ्यांत ते पुढे होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. सेनापती झाल्यावरही त्यांनी झाडू टाकला नाही. सफाईचे आणि शुश्रूषेचे व्रत त्यांनी अखेरपर्यंत श्रद्धेने पाळले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर आपल्या देशात १९९३ आणि २०१३ साली कायद्याने बंदी आली. पण सफाईचे काम हलके आहे, ही समजूत कायद्याने जात नाही. ती आपल्या मनातून आपणच काढायची असते.

मुंबईत आणि पुण्यात सेनापती बापट यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. दिवस उजाडला की त्या रस्त्यांवरही कोणीतरी झाडू मारत असते. येणारे-जाणारे त्याच्याकडे पाहतही नाहीत. तुम्ही कधी तेथे गेलात, तर क्षणभर थांबून त्याला सलाम करा. आणि पुढच्या कार्यक्रमात तुमच्या वाट्याला झाडू आला, तर खट्टू होऊ नका. मैदान झाडून झाले की एकदा मागे वळून पाहा. त्या स्वच्छ मैदानावरच सगळी शाळा बसणार आहे.