फ्रिट्स वेंट

फ्रिट्स वारमोल्ट वेंट (१८ मे १९०३ - १ मे १९९०) हे डच-अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतींची वाढ घडविणारे ऑक्झिन हे संप्रेरक अंकुराच्या टोकापासून वेगळे मिळविता येते, हे त्यांनी सिद्ध केले व त्याच्या मोजमापाची पद्धत शोधली.

जीवन

वेंट यांचा जन्म नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२७ साली डॉक्टरेट मिळविल्यावर वेंट यांनी काही वर्षे जावा बेटावरील बॉयटेनझोर्ग (आताचे बोगोर) येथील वनस्पती उद्यानात काम केले. १९३३ मध्ये ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रुजू झाले.

संशोधन

प्रकाशाची जाणीव अंकुराच्या टोकाला होते, पण वाकतो तो खालचा भाग, असे चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखविले होते. टोकाकडून खाली जाणारे द्रव्य वेगळे काढणे मात्र कोणालाही जमले नव्हते.

लष्करी सेवेत असल्यामुळे वेंट रात्री वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करीत. त्यांनी ओटच्या अंकुरांची टोके कापून आगरच्या तुकड्यांवर ठेवली. नंतर ते आगर टोक नसलेल्या अंकुराच्या एका कडेवर बसविले. अंधारातही ती बाजू अधिक वाढली आणि अंकुर विरुद्ध दिशेला वाकला. नुसत्या आगराने असे घडले नाही. एप्रिल १९२६ मध्ये पहाटे हे यश मिळताच त्यांनी घरी जाऊन वडिलांना उठविले. प्रयोग खरा असेल तर तो दिवसाही साधेल, तेव्हा पाहू, असे वडिलांचे मत पडले. प्रयोग पुन्हा साधला.

ठरावीक मर्यादेत वाकण्याचा कोन द्रव्याच्या प्रमाणात वाढतो, हेही वेंट यांनी दाखविले. त्यामुळे तराजूत न मावणारे अत्यल्प द्रव्य मोजता येऊ लागले.

प्रभाव

संप्रेरक पेशीत नेमके काय करते, हा पुढचा प्रश्न होता. १९६० च्या दशकात सोयाबीनच्या रोपांच्या ऊतींवर प्रयोग झाले. ऑक्झिनमुळे आरएनएची निर्मिती वाढते आणि ॲक्टिनोमायसिन डी या द्रव्याने ती रोखल्यास वाढही खुंटते, असे त्यांत आढळले.

उत्तरायुष्य

१९४९ मध्ये वेंट यांनी पॅसाडेना येथे तापमान व प्रकाश नियंत्रित करणारी वनस्पती प्रयोगशाळा उभारली. १९५८ ते १९६३ या काळात ते मिसूरी वनस्पती उद्यानाचे संचालक होते. त्यानंतर नेवाडा राज्यात त्यांनी वाळवंटी वनस्पतींचा अभ्यास केला.