दगडातली झाडे

बीडजवळच्या पालीच्या डोंगरातील काळा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. दख्खनमध्ये अशा थरांच्या मधल्या गाळात काही ठिकाणी झाडांचे जीवाश्म सापडतात. त्यांचा अभ्यास करणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बिरबल साहनी.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा गावी झाला. लाहोर व केंब्रिज येथे शिकून ते १९२१ साली लखनौ विद्यापीठात प्राध्यापक झाले. भारतातील सूचिपर्णी वृक्षांचे जीवाश्म त्यांनी नव्याने तपासले. हिमालयातही वाढणाऱ्या 'टॅक्सस' वृक्षाच्या बीजाची रचना पाहून त्यांनी १९२० साली त्याचा वेगळा गट मानला. आज शास्त्रज्ञ त्याला पुन्हा सूचिपर्णी वृक्षांतच धरतात. विज्ञान असेच पुढे जाते.

पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभारणे हे साहनींचे स्वप्न होते. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत पंडित नेहरूंनी तिच्या इमारतीची कोनशिला बसवली. त्या शिळेत साहनींनी जीवाश्म जडवले होते. पण १० एप्रिललाच त्यांचे निधन झाले. पत्नी सावित्री साहनी खचल्या नाहीत. त्यांनी ते काम पूर्ण केले. ती संस्था आजही साहनींच्या नावाने चालते.