हिमालय, बंगाल आणि रायपूर

वाचकहो, रायपूर म्हटले की आज आपणांस छत्तीसगडची राजधानी आठवते, आणि तिच्या दक्षिणेस पसरलेल्या बस्तरच्या अरण्यातील रक्तपातही आठवतो. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे माओवाद्यांनी ७६ जवानांना ठार केले. त्यापूर्वी, २००५ पासून, सलवा जुडूमच्या नावाने गावकऱ्यांच्याच हाती शस्त्रे देण्यात आली आणि गावेच्या गावे ओस पडली. याच रायपुरात डिसेंबर १९६३ मध्ये अडुसष्ट वर्षांचा एक कृश मराठी मनुष्य पदयात्रा करीत सर्वोदय संमेलनास आला होता. आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचले असेल. परंतु तारुण्यात त्यांनाही बाँबच्या मार्गाची ओढ होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तके घाईघाईने सांगून मोकळी होतात.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. शिक्षण बडोद्यास झाले. एके दिवशी त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली, माउली दचकलीच. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. मनात दोन वाटा होत्या. एक हिमालयाची, ध्यानाची; दुसरी बंगालची, तेथील सशस्त्र क्रांतिकारकांची. वीस वर्षांच्या संतप्त, बुद्धिमान मुलाला बंगालने का खुणावले असेल, हे समजणे कठीण नाही. तेथे त्याग होता, मृत्यूचे भय नव्हते, आणि अन्यायाला तत्काळ उत्तर दिल्याचे समाधान होते.

त्यांना बंगालपासून परावृत्त केले ते एका भाषणाने. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी रत्नजडित राजेमहाराजांच्या समोर त्यांच्याच ऐश्वर्यावर टीका केली, आणि बाँब टाकणाऱ्या तरुणांच्या देशप्रेमाचा आदर करून त्यांचा मार्ग मात्र नाकारला. ही शक्ती भ्याडांची नव्हे, हे विनोबांनी ओळखले. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात दाखल झाले. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती त्यांना एकाच ठिकाणी सापडली, असे ते पुढे आयुष्यभर सांगत. माझ्या मते या प्रसंगात त्यांच्या पुढील कार्याचे बीज आहे. त्या तरुणाला कोणी शांत बसावयास सांगितले नाही; अधिक कठीण काम दिले.

मधली वर्षे सूतकताईत, अध्ययनात आणि तुरुंगात गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. १९४० साली गांधीजींनी त्यांना पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले.

नंतर तेलंगणा. तेथे १९४६ पासून साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. जमीनदार मारले जात होते, जमिनी वाटल्या जात होत्या. १९४८ नंतर लष्कर व पोलीस आले, आणि गरीब माणूस दिवसा एकाच्या व रात्री दुसऱ्याच्या भीतीने जगू लागला. १९५१ च्या एप्रिलमध्ये विनोबा पवनारहून पायी हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या संमेलनास आले होते. संमेलनानंतर ते तुरुंगात जाऊन साम्यवादी कैद्यांना भेटले आणि मगच त्या प्रदेशात शिरले. १८ एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे दलितांच्या सुमारे ४० कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज पाठवावा असे विनोबांच्या मनात आले. तरी सभेत त्यांनी सहज विचारले, की गावातील कोणी काही करू शकेल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना झोप आली नाही. पुढे ५१ दिवसांत १२,००० एकरांहून अधिक जमीन मिळाली. विचाराला बंदुकीने मारता येत नाही, भुकेल्याच्या पोटाला उत्तर द्यावे लागते, हे ते पोलिसांना सांगत; आणि साम्यवाद्यांना विनोदाने म्हणत, की रात्री लुटण्यापेक्षा माझ्यासारखे दिवसाढवळ्या प्रेमाने लुटा.

प्रिय वाचकहो, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्ष तुम्हांस येथे आठवले असेल. नाबोथाचा द्राक्षमळा आणि शेत विकून त्याची रक्कम प्रेषितांच्या चरणी ठेवणारा बर्णबाही. विनोबांना हे परके नव्हते. नव्या करारातून निवडलेल्या वचनांचा ‘ख्रिस्त-धर्म-सार’ त्यांनीच संपादित केला, तसाच कुराणाचाही सारग्रंथ सिद्ध केला, आणि त्यासाठी अरबी भाषा शिकले. आपण मात्र येथे थोडे थांबावे. रायपूरच्या परिसरात १८६८ साली ओस्कार लोर यांनी बिश्रामपूरचे मिशन स्थापिले, तेव्हा मिशन स्वतःच त्या गावचे मालगुजार होते. भूमीचा प्रश्न ख्रिस्ती अंगणातही होता.

रायपूरच्या संमेलनात त्रिविध कार्यक्रम ठरला: सुलभ ग्रामदान, ग्रामाभिमुख खादी आणि शांतिसेना. पूर्वीच्या ग्रामदानात सारी जमीन गावाची होई, लोक कचरत. सुलभ ग्रामदानात मालकी ग्रामसभेच्या नावे, विसावा हिस्सा भूमिहीनांना, उरलेली जमीन कसणाऱ्याच्या हाती, आणि उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोशात, अशी मांडणी होती. जहाल विचाराने वेढलेल्या माणसाला हाताला धरता येईल असे काहीतरी द्यावे लागते, हे विनोबांना पोचमपल्लीपासून ठाऊक होते.

यश किती आले? पाच कोटी एकरांचे लक्ष्य होते. मिळाली ती सुमारे चाळीस लाखांच्या वर, आणि तीतील पुष्कळशी खडकाळ, वादग्रस्त किंवा केवळ कागदावर राहिली. १९५६ च्या अखेरीस विनोबांनी भूदान समित्या विसर्जित केल्या. तत्त्वाला ते शोभले, पण वाटपाचे काम पाहणारे हात कमी झाले. आणीबाणीच्या काळातील त्यांची भूमिका अनेक सहकाऱ्यांना दुखावून गेली. तरीही १९७० साली बिहारमधील मुसहरी येथे नक्षलवाद्यांनी सर्वोदय कार्यकर्त्यांना धमक्या दिल्या, तेव्हा जयप्रकाश नारायण पोलीस न मागता ग्रामदानाचाच कार्यक्रम घेऊन तेथे जाऊन राहिले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न व औषध नाकारून विनोबांनी पवनार येथे १५ तारखेस, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. त्यानंतर एकतीस वर्षांनी, २०१३ साली, छत्तीसगडला लागून असलेल्या, माओवाद्यांच्या छायेत वाढलेल्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या.