पदककार पिसानेल्लो

इटलीतील पिसा नगरीत १३९५ च्या सुमारास जन्मलेला पिसानेल्लो हा पेशाने चित्रकार होता. तथापि आज त्याची कीर्ती मुख्यत्वे टिकून आहे ती तळहाताएवढ्या धातूच्या पदकांमुळे. १४३८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आठवा जॉन धर्मपरिषदेसाठी फेरारा येथे आला. त्याची उंच टोपी व टोकदार दाढी पिसानेल्लोने पदकात अमर केली. पुढे राजेरजवाड्यांकडून मागणी येऊ लागली. नेपल्सचा राजा आल्फोन्सो याच्या पदकावर १४४९ हे वर्ष कोरलेले आहे.

पदकावर तो आपले नाव घालीत असे. परंतु त्या नावावर भिस्त ठेवणारा हमखास फसतो. अस्सल पदकावरून साचा घेऊन नक्कल ओतली की नावही त्यात उमटतेच! मग पारख करावी कशी? वर्गात आम्ही पितळी गोळा तापवून तो कड्यातून जात नाही, निवाला म्हणजे सहज जातो, हे मुलांना दाखवीत असू. तोच नियम येथे लागू पडतो. ओतलेला धातू निवताना आकसतो. म्हणून नक्कल मुळाहून किंचित लहान भरते, अक्षरांच्या कडाही बोथटतात. नकलेची नक्कल त्याहून लहान. याकरिता जाणकार प्रथम व्यास मोजतात, नंतर पदक कोणकोणाच्या संग्रहातून आले याचे कागद पाहतात.

कागदांचे महत्त्व त्याच्या चरित्रातही दिसते. चरित्रकार व्हासारीने त्याला व्हित्तोरे म्हटले आणि ती चूक शतकानुशतके चालली. विसाव्या शतकाच्या आरंभी जुनी दप्तरे तपासली गेली, तेव्हा कुठे त्याचे अंतोनिओ हे खरे नाव त्याला परत मिळाले.