कुंदनलाल सैगल : एका ध्वनिमुद्रणाची हकीकत

वाचकहो, सैगल यांचे नाव आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपण मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

कुंदनलाल सैगल यांचा जन्म ११ एप्रिल १९०४ रोजी जम्मू येथे झाला. आईच्या भजनांतून त्यांच्या कानावर सूर पडले. शालेय शिक्षण बेताचेच. पोटासाठी त्यांनी रेल्वेत नोकरी केली, टाइपरायटर विकले. पुढे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने त्यांना हात दिला आणि १९३५ च्या ‘देवदास’ने त्यांचे नाव घरोघरी पोचवले. १९४१ साली ते मुंबईस आले.

कीर्तीबरोबर मद्याचे व्यसनही जडले. घोट घेतल्याखेरीज आपला आवाज लागत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. हार्मोनियमच्या पट्टीवरून त्या पेल्याला ते ‘काळी पाच’ म्हणत.

१९४६ मध्ये कारदार यांचा ‘शाहजहान’ पडद्यावर आला. त्यात भग्न हृदयाचे एक गाणे सैगल यांना गायचे होते. गीते लिहिणाऱ्यांत मजरूह सुलतानपुरी होते. मूळचे हकीम, मुशायऱ्यासाठी मुंबईस आलेले, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. संगीतकार नौशाद सैगल यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तरीही त्यांनी अदबीने एक विनंती केली : एकदा न पिता गा, एकदा पिऊन गा, आणि मग आपणच निवड करा. ही हकीकत नौशादसाहेब पुढे अनेकदा सांगत. दोन्ही मुद्रणे ऐकल्यावर सैगल यांनी स्वतःच न पिता गायलेले गाणे पसंत केले. हे आपल्याला आधी कोणी का सांगितले नाही, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली.

परंतु तोवर शरीर पोखरले गेले होते. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधर येथे, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्याच इच्छेनुसार अंत्ययात्रेत तेच गाणे वाजवले गेले, असे सांगतात.

वाचकहो, ईश्वरी देणगी त्यांच्या गळ्यात होती. श्रेय मात्र ते पेल्याला देत राहिले. आपल्या मुलाबाळांत, विद्यार्थ्यांत अशी चुकीची समजूत दिसली, तर नौशादसाहेबांसारखे अदबीने, पण वेळेवर बोला.